तापलेल्या इंजिनाचे निदान

गाडी तापते ही तक्रार घेऊन मालक गॅरेजमध्ये गेला की बहुधा आधी कुलंट बदलले जाते, तरीही काटा वर जाऊ लागला की थर्मोस्टॅट, मग वॉटर पंप आणि शेवटी रेडिएटर अशी एकेक वस्तू बदलण्याचा सिलसिला सुरू होतो. त्यातली एखादी वस्तू खरोखरच बिघडलेली निघाली तर तक्रार मिटते, पण तोवर खर्च मूळ दोषाच्या कितीतरी पट झालेला असतो आणि मधल्या काळात इंजिन वारंवार तापले असेल तर आधी नसलेला एक नवा दोषही निर्माण झालेला असतो. वास्तविक शीतन यंत्रणा, म्हणजे गॅरेजच्या बोलीतली कूलिंग सिस्टिम, ही मोटारीतील सर्वांत सरळ यंत्रणांपैकी एक आहे. तिच्यातील बहुतेक बिघाड गाडी नेमकी कोणत्या वेळी तापते यावरून ओळखू येतात, आणि म्हणून निदानाचा पहिला प्रश्न ‘काय बिघडले’ हा नसून ‘केव्हा तापते’ हा असायला हवा.

पेट्रोल इंजिनात इंधन जळून जी ऊर्जा मोकळी होते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी ओढण्याच्या कामी येतो, साधारण तेवढाच सायलेन्सरवाटे धुराबरोबर निघून जातो आणि उरलेला भाग इंजिनाच्या धातूत शिरतो. सिलिंडरमधील ज्वलनाचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते, तर शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि त्याच्या मिश्रधातूचे बनवलेले हेड वितळण्याच्या पुष्कळ आधी वाकते. तेव्हा ही उष्णता सतत बाहेर काढत राहणे हा इंजिनाच्या जिवाचा प्रश्न आहे. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या तीनचाकी मोटारीत पाणी नुसते उकळून वाफेने उडून जात असे आणि वाटेत ते पुन्हा पुन्हा भरावे लागे. तेच पाणी फिरवून, वाऱ्याने निववून परत वापरण्याची व्यवस्था खऱ्या अर्थाने मार्गी लागली ती विल्हेल्म मायबाख यांनी १९०० मध्ये मर्सिडीज गाडीसाठी केलेल्या मधाच्या पोळ्यासारख्या रेडिएटरमुळे, ज्यात ६ मिलिमीटरच्या ८०७० चौकोनी नळ्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. आजचा ॲल्युमिनियमचा रेडिएटर हलका आणि स्वस्त झाला असला, तरी पातळ नळ्यांतून पाणी आणि नळ्यांच्या बाहेरून वारा, हे तत्त्व तेच आहे.

पाण्याचा हा प्रवास एकदा समजून घेतला की पुढचे निदान सोपे होते. वॉटर पंप बेल्टवर फिरतो आणि पाणी इंजिनच्या ब्लॉकमध्ये, तिथून हेडमध्ये ढकलतो. हेडमधून निघालेले गरम पाणी वरच्या होज पाइपने रेडिएटरमध्ये जाते, निवते आणि खालच्या होज पाइपने पंपाकडे परतते. या वाटेवर बहुधा हेडच्या तोंडाशी थर्मोस्टॅट बसवलेला असतो. त्याच्या पोटात मेण असते आणि इंजिन थंड असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो. पाणी साधारण ८२ ते ९२ अंशांना पोहोचले की मेण वितळून फुगते, दांडी सरकते आणि वाट उघडते. म्हणजे थर्मोस्टॅटचे काम इंजिन थंड ठेवणे हे नसून ते ठरावीक तापमानावर टिकवणे हे आहे, आणि ही गोष्ट विसरल्यामुळे होणाऱ्या एका चुकीकडे पुढे यावे लागेल.

रेडिएटरच्या किंवा कुलंटच्या टाकीच्या झाकणाला पुष्कळ लोक साधे झाकण समजतात, पण ते प्रेशर कुकरच्या शिटीसारखे काम करते. त्यातील स्प्रिंग बहुतेक गाड्यांत ०.९ ते १.१ बार इतका जादा दाब धरून ठेवते, आणि त्या दाबाखाली साधे पाणीही १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. इथिलिन ग्लायकॉल हा कुलंटमधील मुख्य पदार्थ निम्म्या प्रमाणात मिसळला असेल तर ही मर्यादा आणखी काही अंशांनी वर जाते. झाकणाचे रबर चिरले किंवा स्प्रिंग सैल पडली की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळते आणि बाहेर फेकले जाते. घाटात हा दोष अधिक ठळकपणे दिसतो, कारण एक तर चढावर इंजिनावर भार जास्त असतो आणि दुसरे म्हणजे उंचीवर हवेचा दाब कमी असतो. महाबळेश्वरसारख्या सुमारे १३५० मीटर उंचीच्या ठिकाणी उघड्या भांड्यातील पाणी ९६ अंशांच्याही थोडे आधी उकळते. सपाटीवर निमूट चालणारी गाडी वाईचा पसरणी घाट चढताना उकळली, तर सगळ्यात स्वस्त वस्तू असलेल्या या झाकणापासून सुरुवात करण्यात शहाणपण आहे.

निदान करणाऱ्याने डॅशबोर्डवरील काट्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. बऱ्याच आधुनिक गाड्यांत काटा मुद्दाम असा बांधलेला असतो की तापमान ८० च्या पुढे गेल्यापासून शंभरीच्या थोडे वर जाईपर्यंत तो मधोमध स्थिर राहतो, जेणेकरून चालकाला किरकोळ चढउतारांची काळजी वाटू नये. परिणामी तो हलतो तेव्हा गोष्ट बरीच पुढे गेलेली असते. अनेक नव्या गाड्यांत तर काटाच नसतो, थंड इंजिनासाठी निळा आणि अतितापासाठी लाल असे दोन दिवे असतात. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. पाणी पूर्ण वाहून गेले की तो नुसत्या हवेत लोंबकळतो, काटा खाली उतरतो आणि इंजिन कोरडे भाजत असताना चालकाला मात्र गाडी निवल्याचा भास होतो. वर चढलेला काटा कारण नसताना एकदम खाली आला तर ते चांगले लक्षण समजू नये. स्टिअरिंगखालच्या निदान सॉकेटमध्ये लावायचे छोटे उपकरण हल्ली स्वस्तात मिळते आणि ते मोबाइलवर पाण्याचे तापमान अंशांत दाखवते; निदानाच्या कामी त्याची मदत काट्यापेक्षा कितीतरी मोलाची ठरते.

आता वेळेच्या प्रश्नाकडे येऊ. गाडी सिग्नलला किंवा कोंडीत उभी असताना तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेताच काटा खाली येत असेल, तर संशयाची सुई जवळपास सरळ पंख्याकडे जाते, कारण धावत्या गाडीला समोरचा वारा आपोआप मिळतो आणि उभ्या गाडीला तो पंख्यानेच आणावा लागतो. याउलट शहरात ठीक चालणारी गाडी महामार्गावर ताशी ९०-१०० किलोमीटरच्या वेगाला तापत असेल, तर वारा भरपूर असूनही पाणी पुरेसे वाहत नाही किंवा रेडिएटर पुरेशी उष्णता सोडत नाही असा तर्क निघतो. इंजिन सुरू केल्यापासून पाच-दहा मिनिटांतच काटा लाल रेषेकडे जात असेल तर पाणी कमी आहे, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे किंवा पाण्यात ज्वलनाचे वायू शिरत आहेत, या तीन शक्यता आधी तपासाव्यात.

पंख्याच्या तपासणीला फार आयुधे लागत नाहीत. बहुतेक गाड्यांत एसी लावताच पंखा फिरू लागतो. एसीबरोबर तो फिरत असेल पण नुसत्या तापण्याने फिरत नसेल तर मोटर चांगली आहे आणि दोष सेन्सर किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे, आणि दोन्ही वेळा फिरत नसेल तर फ्यूज, रिले व मोटर या क्रमाने पाहावे. काही पंखे दोन वेगांचे असतात आणि मंद वेगासाठी लावलेला रेझिस्टर जळला तर पंखा फक्त पाणी खूप तापल्यावर, एकदम मोठा आवाज करत सुरू होतो. तो फिरताना दिसत असल्यामुळे मेकॅनिक त्याला निर्दोष ठरवतात आणि दोष तसाच राहतो. एक अगदी साधी चाचणी म्हणजे पंखा चालू असताना पुढच्या जाळीजवळ वर्तमानपत्राचा कागद धरणे: तो आत ओढला जाऊन जाळीला चिकटला पाहिजे. कागद उडून बाहेर येत असेल तर दुरुस्तीत मोटरच्या वायरी उलट जोडल्या गेल्या आहेत आणि पंखा समोरून येणाऱ्या वाऱ्याशी झुंजत आहे. इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या जीप आणि पिकअप गाड्यांत पंखा बेल्टवर फिरतो आणि त्याच्या मधोमध सिलिकॉन तेलाचा क्लच असतो. इंजिन गरम असूनही बंद केल्यावर हा पंखा हाताने सहज गरगर फिरत असेल, तर क्लचमधील तेल संपलेले असते.

महामार्गावर तापणाऱ्या गाडीत रेडिएटर आधी बाहेरून पाहावा. एसी असलेल्या गाडीत रेडिएटरपुढे एसीचा कंडेन्सर असतो आणि त्या दोघांच्या मधल्या बोटभर फटीत धूळ, कीटक, कापसाचे तंतू आणि सुका पाला यांचा थर साचतो, जो समोरून पाहता दिसत नाही. बाहेरून स्वच्छ दिसणारा रेडिएटर उतरवल्यावर मागे अक्षरशः गोधडी निघते. तो धुताना पाण्याचा जोरदार फवारा मारला तर नाजूक पत्रे वाकून वाट आणखी बंद होते, म्हणून पाणी हळू धारेने आणि इंजिनाच्या बाजूकडून पुढे असे सोडावे. आतून चोक झालेला रेडिएटर ओळखण्यासाठी इंजिन तापलेले असताना त्याच्या पृष्ठभागाचे तापमान दूरवरून मोजणाऱ्या थर्मामीटरने ठिकठिकाणी पाहावे. पाणी शिरण्याच्या बाजूकडून निघण्याच्या बाजूकडे तापमान हळूहळू उतरत गेले पाहिजे, मध्येच एखादा पट्टा गार लागला तर तेथील नळ्या बुजल्या आहेत.

हे बुजणे बहुतेक वेळा पाण्यामुळे होते. मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्राच्या पुष्कळ भागांत बोअरचे पाणी जड आहे, त्यातील कॅल्शियमचे क्षार गरम धातूवर थर धरतात आणि तो थर उष्णता अडवतो. मालक मात्र कुलंट कमी झाले की हाताशी असलेले पाणी ओततो आणि दोन-तीन उन्हाळ्यांत रेडिएटरची आणि त्याहून आधी ब्लॉकमधील वाटांची दुर्गत होते. शुद्ध पाणी उष्णता वाहून नेण्यात कुलंटच्या मिश्रणापेक्षा सरस आहे हे शास्त्रीयदृष्ट्या खरे, परंतु कुलंटमधील गंजविरोधी द्रव्ये ॲल्युमिनियम आणि पंप दोन्ही जपतात, म्हणून बर्फ न पडणाऱ्या प्रदेशातही त्याला पर्याय नाही. कुलंटच्या रंगावर विसंबू नये, कारण हिरवा, लाल, नारिंगी या रंगांना सर्व कंपन्यांत एकच अर्थ नाही, आणि वेगळ्या रसायनांचे दोन प्रकार एकत्र केले तर काही वेळा त्यांचा गाळ होतो. रेडिएटरची गळती थांबवण्यासाठी त्यात हळद टाकण्याचा ड्रायव्हर मंडळींचा जुना उपाय घरी पोहोचण्यापुरता चालतो, पण तीच हळद नंतर बारीक नळ्यांत जाऊन बसते; बाजारातील गळतीरोधक पावडरींचीही गोष्ट फारशी वेगळी नाही.

पाणी वाहते की नाही हे पाहताना होज पाइप बरेच काही सांगतात. इंजिन तापलेले असताना वरचा होज कडक गरम आणि खालचा जवळपास गार असेल, तर पाणी रेडिएटरमधून फिरतच नाही, म्हणजे थर्मोस्टॅट बंद आहे, पंप काम करत नाही किंवा आत हवा अडकली आहे. थर्मोस्टॅट काढून पातेल्यातील पाण्यात दोऱ्याने लोंबकळत ठेवून, शेजारी थर्मामीटर धरून पाणी तापवले तर तो किती अंशांना उघडतो हे डोळ्यांनी दिसते, आणि उघडण्याचे तापमान त्याच्यावरच कोरलेले असल्यामुळे ताडून पाहता येते. खालचा होज पंपाच्या ओढीखाली असतो. रबर जुने झाले असेल तर इंजिन ३००० फेऱ्यांवर नेताच तो चपटा होताना दिसतो आणि महामार्गावरच तापणाऱ्या गाडीचे कोडे तिथे सुटते. पंपाच्या अंगावर एक बारीक भोक असते, ज्यातून आतले सील गेल्याची खबर कुलंटच्या रंगीत ओघळाने मिळते. काही पंपांतील प्लॅस्टिकचे पाते दांड्यावर सैल होऊन घसरते, आणि तसे झाले तर बाहेरून काहीच दिसत नाही.

मघाशी उल्लेख केलेली चूक म्हणजे ‘आपल्याकडच्या उन्हाळ्यात गरज नाही’ असे सांगून थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकणे. ही पद्धत गॅरेजांत इतकी रुजली आहे की जुनी गाडी घेणाऱ्याने तो जागेवर आहे की नाही हे आधी पाहावे. तो काढल्यावर काटा खाली राहतो म्हणून मालक खूश होतो, पण इंजिन नेहमी अपेक्षेपेक्षा थंड चालते, कॉम्प्युटर त्याला अजून गरम होत असलेले इंजिन समजून जादा पेट्रोल देतो, ॲव्हरेज पडते आणि तेलातील ओलावा उडून जात नाही. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना पाण्याची आडवाट बंद करतो, त्यांत तर तो काढल्यामुळे बरेचसे गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात जाते आणि भर घाटात गाडी पूर्वीपेक्षा लवकर तापते. हा उपाय नसून दोष झाकण्याचा प्रकार आहे.

पाणी कमी होते पण कुठे जाते ते कळत नाही, ही तक्रार असेल तर प्रेशर टेस्ट हीच पहिली पायरी मानावी. थंड इंजिनावर झाकणाच्या जागी हातपंप बसवून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात आणि पंधरा मिनिटे मीटरकडे पाहतात. काटा उतरला तर कुठेतरी वाट आहे. होजच्या क्लिपा, रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी धातूला जिथे दुमडून बसवलेली असते ती कड, पंपाचे भोक आणि डाव्या पायाजवळचे कार्पेट या जागा हाताने चाचपाव्यात. कार्पेट ओले आणि चिकट असेल तर डॅशबोर्डमागचा हीटर गळतो आहे. कुलंटला किंचित गोडसर वास येतो, मात्र तो विषारी आहे आणि जमिनीवर सांडलेला राहिला तर कुत्री-मांजरे तो चाटतात, हेही लक्षात ठेवावे.

दाब उतरतो पण बाहेर थेंब दिसत नाही, तेव्हा शंका हेड गॅस्केटची. ब्लॉक आणि हेड यांच्यामधील हे पातळ पॅकिंग एकीकडे ज्वलनाचा दाब, दुसरीकडे पाणी आणि तिसरीकडे तेल यांना वेगळे ठेवते, आणि ते उडाले की तिन्हींची सरमिसळ सुरू होते. रात्रभर थंड झालेले इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांत, पाणी अजून कोमट असतानाच वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर दाब वाफेचा नसून सिलिंडरमधून आलेल्या वायूचा आहे. पक्क्या खात्रीसाठी एक रासायनिक चाचणी आहे: रेडिएटरचे पाणी थोडे कमी करून त्याच्या तोंडावर निळा द्रव भरलेली काचेची नळी बसवतात, इंजिन चालू ठेवून रबरी फुग्याने रेडिएटरमधील हवा त्या द्रवातून वर ओढतात, आणि हवेत कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग आधी हिरवट आणि मग पिवळा होत जातो. पाच-दहा मिनिटांची आणि हेड उतरवण्याच्या मानाने क्षुल्लक खर्चाची ही चाचणी महाराष्ट्रातल्या किती गॅरेजांत नियमाने होते, हा प्रश्नच आहे. ऑइलच्या झाकणाखाली दिसणारा दुधी साका मात्र एकट्याने पुरावा मानू नये. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, रोज दोन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणामुळेही साचतो. डिपस्टिकवरचे तेलच दुधी असेल तर गोष्ट वेगळी. हेड उतरवलेच तर नुसते पॅकिंग बदलून भागत नाही. सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून हेडचा वाक मोजावा लागतो, बहुतेक उत्पादक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून जास्त वाक चालवून घेत नाहीत, आणि तो जास्त असेल तर फेसिंग, म्हणजे हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करावा लागतो.

काही वेळा शीतन यंत्रणा धडधाकट असते आणि तरीही इंजिन तापते. अडकलेले ब्रेक, घसरणारा क्लच, बुजलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या गोष्टी इंजिनाला नाहक जास्त काम करायला लावतात. पुढच्या बंपरवर लावलेले मोठे दिवे आणि शोभेची जाळी वारा अडवतात. पंख्याभोवतीचे प्लॅस्टिकचे कडे दुरुस्तीनंतर परत न बसवल्यास पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूची हवा घुसळतो. कुलंट बदलल्यानंतर लगेच सुरू झालेले तापणे हे जवळजवळ नेहमी आत अडकलेल्या हवेचे असते, आणि हीटर पूर्ण चालू ठेवून, हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सोडून, पातळी पुन्हा भरून घेतली की ते थांबते.

रस्त्यात काटा चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि पूर्ण वेगाने चालू करावा. आतल्या माणसांना घाम फुटेल, पण हीटर हा छोटा रेडिएटरच असल्यामुळे इंजिनाची बरीच उष्णता त्यावाटे निघते. काटा तरीही लाल रेषेत गेला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, वाफ येत असेल तर ती ओसरल्यावर बॉनेट उघडावे आणि किमान पाऊण तास झाकणाला हात लावू नये, कारण झाकण सैल होताच दाब उतरतो, आतले शंभरीच्या वर गेलेले पाणी एकदम वाफ होऊन उसळते आणि चेहरा व हात भाजतात. तापलेल्या कोरड्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. पाणी भरल्यावर काही किलोमीटरांतच काटा पुन्हा चढला, तर जवळच्या गावापर्यंत गाडी रेटण्याचा मोह टाळून ती क्रेनवर घालून न्यावी. क्रेनचे भाडे कितीही वाटले तरी हेडच्या कामाच्या बिलापेक्षा ते कमीच भरते.